मंगळवारचा लेडीज खेळ

सोलापूर
गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५

अंकिता,

आशीर्वाद लिहावा की लिहू नये ते कळेना, म्हणून नुसतं नाव लिहून सुरुवात केली.

तुझी पोर काल दुपारी पोचली. दारात उभी राहून विचारते, "शिवबाई हितंच ऱ्हात्यात का?" मी म्हटलं, "शिवबाई काय म्हनतीस, आज्जी हाय मी तुजी." तेवीस वर्षांची नात आणि मी तिला पहिल्यांदा बघतेय! कपाळ अगदी तुझं आहे. चहाला नको म्हणाली आणि मग दोन कप प्यायली.

तुझी चिठ्ठी तिच्या पिशवीत भाकरीच्या फडक्यात होती. सत्तावीस वर्षांत तुझं अक्षर पाहिलं नव्हतं, म्हणून आधी नुसतं बघत बसले आणि मग वाचलं. "अपेक्षाला पाठवते आहे. सासरहून आली आहे, परत जात नाही म्हणते. तो पिक्चर तिला दाखव आणि मंगळवारी टेंभुर्णीला पाठवून दे. मला पाठवलंस तशी. फोन करू नकोस." खाली सही नाही.

बरं. फोन करत नाही. पत्र लिहू नकोस असं काही तू म्हटलेलं नाहीस.

काळजी करू नकोस, मंगळवारपर्यंत समजूत घालते. हे काम माझ्या हातचं आहे हे तुला माहीत आहे, म्हणून तर पाठवलीस. पोरीला मात्र काहीच माहीत नव्हतं. "कुठला पिक्चर, आज्जी?" म्हणाली. मग तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. आमच्या थेटरात मंगळवारी बारा ते तीन फक्त बायकांचा खेळ असायचा, आणि वर्षानुवर्षं तोच एक जुना पिक्चर लागायचा. नाव मी तिलाही सांगितलं नाही, इथेही लिहीत नाही. सोशिक सुनेचा. माहेरी निघून आलेल्या लेकीला तिची आई त्या खेळाला घेऊन यायची. आधी बाहेर उभ्या असलेल्या नायिकेच्या लाकडी कटआउटची खणा-नारळाने ओटी भरायची, मग आत जायचं. तीन वाजता सुटलं की डोळे पुसत थेट एसटी स्टँड. आणि मी दारावर तिकीट फाडायला. ज्या पोरीचा दंड आई तिकीट काढतानाही सोडत नाही, ती सासरहून पळून आलेली, हे मला लांबून कळायचं. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांच्या बायका यायच्या, अक्कलकोटकडच्या कानडी बोलणाऱ्या यायच्या, बुरखेवाल्या यायच्या. आत गेल्या की सगळ्या सारख्याच रडायच्या. लोक म्हणायचे, शिवबाईच्या दारातून गेलेली पोर परत माहेरी येत नाही. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

तुलाही मी त्याच दारातून सोडलं. तुझे बाबा म्हणाले पाठव, त्यांच्यापुढे माझं काय चालणार होतं?

एक गोष्ट पोरीला ऐकून नवल वाटलं. तो पिक्चर मी कधी पाहिला नाही. उशिरा येणाऱ्या बायकांसाठी मला दाराच्या पडद्याबाहेर उभं राहावं लागायचं, पाठ आतल्या बाजूला. पण ऐकून ऐकून अख्खा पाठ आहे. बरोबर दीड वाजता नवरा तिच्या मुस्काटात मारतो. तेवढा आवाज मात्र असा यायचा की थेटरच्या भिंतीला हात लावला तर कळावं.

थेटर पाडून सहा वर्षं झाली. आपल्या घरामागे नुसती मोकळी जागा आहे, गवत आणि विटांचे तुकडे. तरी मंगळवारी दीड वाजला की तो आवाज येतो. तू म्हणशील म्हातारीला भ्रम झालाय. मी कोणाला सांगत नाही.

पोरीचा उजवा खांदा दुखतो. वेणी मलाच घालायला सांगितली. गाडीत अवघडला असेल.

आई


सोलापूर
शनिवार, ८ फेब्रुवारी

अंकिता,

काल पत्र टाकलं, आज दुसरं लिहायला घेतलं. पोर झोपली आहे. भर दुपारी अशी झोपते की कितीतरी दिवस झोपलीच नव्हती. कडी वाजली की मात्र ताडकन उठून बसते.

खांदा गाडीत अवघडलेला नाही. जेवताना कोपर अंगाला चिकटवून घास घेते. आज डोक्याला तेल लावताना ब्लाउज जरा मागे ओढला. पाठीवर काय आहे ते मी लिहीत नाही. तू आई आहेस, तुला तिने दाखवलंच असेल. दाखवलं असूनही तू ती चिठ्ठी लिहिलीस का? हे विचारायचा मला अधिकार नाही, माहीत आहे. चाळणीने सुईला हसू नये.

मी तिला विचारलं, "तुजा बाप काय म्हनला?" तर म्हणाली, "पप्पा काय म्हननार? त्ये आता कुनालाच काय म्हनत न्हाईत. मम्मीला पन मारत न्हाईत आता. अटॅक आल्यापासनं त्यांचा हातच चालत न्हाय की." इतक्या साधेपणाने सांगितलं, जसं काही घरातला नळ बंद पडला आहे. मी तांदूळ निवडत होते, ते तसेच राहिले.

उदयसिंहाचा फोन आला होता तिच्या मोबाईलवर. तिने घेतला नाही, मी घेतला. फार गोड बोलतो गं तुझा जावई. "आज्जी, तुमचं लई नाव ऐकलंय. मंगळवारी दुपारी जीप घिऊन येतो. तेवढी समजूत घाला तिची." नाव ऐकलंय म्हणे! टेंभुर्णीपर्यंत माझी कीर्ती पोचली आहे. तीस वर्षांपूर्वी हे ऐकून मला मूठभर मांस चढलं असतं.

पोर मला निरखत असते. आज म्हणाली, "आज्जी, गालाला काय झालंय तुज्या? उजवाच काळा पडलाय." मी म्हटलं वांग आहे, वीस वर्षं मलम लावतेय, जात नाही. तिने बोट लावून पाहिलं.

पिक्चर तिला मोबाईलवर सापडला आहे. उद्या बघू दोघी. मीही पहिल्यांदाच बघणार.

आई


सोलापूर
रविवार, ९ फेब्रुवारी

अंकिता,

आम्ही पिक्चर पाहिला. तू मंगळवारी दाखव म्हणाली नव्हतीस, दाखव एवढंच म्हणाली होतीस, म्हणून आजच.

बाराला बसलो. मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवला. पहिली पाटी आली, सनई वाजली, आणि माझ्या तोंडून पुढचं वाक्य आपोआप यायला लागलं, पडद्यावरच्या बाईच्या आधी. अपेक्षा हसायला लागली. मलाही हसू आलं. अर्धा तास बरा गेला.

मग ती सून माहेरी निघते तिथून पोरीचं हसू थांबलं. वाटेत तिला एक तेलुगू बोलणारा विणकर भेटतो, तो नुसता हसवायला. तो हसवता हसवता सांगतो, परत जा. शेजारची चाची भेटते, ती मोडकंतोडकं बोलत दुवा देते आणि सांगते, परत जा. मरतेसुद्धा तेच सांगत. अंगण झाडणारी एक बाई आहे, तिला नाव नाही, तिचं तोंडही कधी नीट दिसत नाही, ती सुद्धा खराट्यावरून मान वर न करता म्हणते, वहिनी, परत जा. अपेक्षा म्हणाली, "आज्जी, ह्या समद्यांना सोताचं घरदार न्हाय का गं? हिला घरी धाडायलाच जन्माला आल्यात का?" ह्याच सगळ्या जातीपातीच्या बायका माझ्या हातून तिकीट फाडून आत जायच्या, आणि आत बसून स्वतःलाच तसं बघायच्या. मी हे तीस वर्षांत एकदाही मनात आणलं नव्हतं.

आता नीट वाच. दीड वाजला. नवऱ्याने हात उगारला. मला माहीत होतं आता आवाज येणार, मी अंग आवळून घेतलं. आवाज आला. नेहमीसारखाच, खाडकन.

अपेक्षाने पिक्चर थांबवला. माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "आज्जी, तू सोताला का मारलंस?"

मी म्हटलं, "मी कुटं? त्यानं मारलं की तिला." तर ती म्हणाली, "त्यानं न्हाय मारलं. बघ." आणि मागे नेऊन पुन्हा दाखवलं. नवरा हात उगारतो. लगेच देव्हाऱ्यातली समई दिसते. ज्योत हलते. संगीत बंद. पुढे ती देवासमोर बसून चुकले म्हणते. एवढंच आहे, अंकिता. त्या पिक्चरमध्ये मुस्काटात मारलेलीच नाही. आवाज नाहीच. तिने चारदा दाखवलं. दुसऱ्या वेळी तिने माझा उजवा हात धरून ठेवला, तर तो तिच्या हातात फडफडला.

तळवा लाल झाला होता. गालही तापला होता. मग मंगळवार मंगळवार मी काय ऐकत होते? मागच्या मोकळ्या जागेतून येतो म्हणत होते तो आवाज याच खोलीतला, माझ्याच हाताचा? आणि हे गालावरचं?

हे ठीक आहे. म्हातारीचं डोकं फिरलं म्हणता येईल. पण थेटरात मी पडद्याबाहेर उभी असायचे आणि आवाज आतून यायचा. भिंत हादरावी इतका. तो कुणाचा?

उद्या नागूबाईकडे जाते. आत जाणारी तीच होती.

आई


सोलापूर
सोमवार, १० फेब्रुवारी

अंकिता,

नागूबाई तुला आठवते ना? थेटर झाडायची, खेळ चालू असताना आत बॅटरी घेऊन फिरायची. पलीकडच्या गल्लीत राहते, तिच्या लेकीने, मनालीने बांधलेल्या नव्या घरात. बाबासाहेबांचा मोठा फोटो, खाली ताजी फुलं. मनाली सरकारी दवाखान्यात नर्स आहे आता, मोठी नर्स. तिच्या नवऱ्याने तिला मारलं तेव्हा नागूबाईने तिला घरात ठेवून घेतली होती, तुझ्यानंतर दोन-तीन महिन्यांनी. मी तेव्हा नागूबाईला बोलले होते, "लेक घरात बसवून घेतलीस, उद्या भोगशील." नागूबाईने ऐकून घेतलं होतं आणि पुढचं दार झाडायला गेली होती.

मी तिला त्या दीड वाजताच्या आवाजाचं विचारलं. "तुला म्हाईत न्हवतं? इतकी वरसं दारात हुबी राह्यलीस आन् म्हाईत न्हाय? पडद्यावर कुटं मारतोय त्यो! बायाच मारून घ्यायच्या की. देवापुढं चुकलं म्हनून गालात मारून घेत्यात तसं. त्यानं हात उचलला की समद्या एकदम. चारशे बाया. आंधारात नुसतं हात वर जाताना दिसायचं. मी एकदा बघितलं आन् परत त्या टायमाला आत गेले न्हाय."

"पोरी पन?" मी विचारलं.

"पोरी पयल्यांदा न्हाय मारायच्या. मग त्यांच्या आया त्यांचा हात धरून मारायला लावायच्या."

मी विचारलं, तू मनालीला का नाही आणलीस त्या खेळाला? तर म्हणाली, "माजं काम करनारी बाई पडद्यावर दावली आन् तिचं त्वांड दावाय त्यांना सुचलं न्हाय. त्यांचं मी काय ऐकू?" मी आणखी काहीतरी विचारायला गेले, आता मी काय करू असं. तशी ती चिडली. "शिवबाई, त्या पिच्चरमदल्या बाईगत मला तुला शानं करायला लावू नगंस. तुजी नात हाय, तुजं तू बघ. मला भाकरी टाकायच्यात." खरं आहे तिचं.

घरी येताना मोकळ्या जागेपाशी थांबले. ऊन चढलं होतं, माणूस नव्हतं. गवत हलत नव्हतं. दार कुठे होतं ते मला पावलांवरून कळतं. तिथे उभी राहिले आणि जे आठवलं ते तुला लिहिते. तुला ते विसरता आलं नसणार, मी मात्र विसरून दाखवलं.

त्या दिवशी तू दीड वाजता पडदा बाजूला करून बाहेर आलीस. म्हणालीस, "आई, मला न्हाय बघवत. मला हितंच ऱ्हाऊ दे. मी थेटर झाडीन नागूमावशीसंगं." आणि मी तुझ्या मुस्काटात मारली. त्याच वेळी आतून तो आवाज आला, चारशे बायकांचा. तू गालावर हात ठेवून माझ्याकडे बघत होतीस. आणि मी तुला म्हणाले, "पिच्चरचा आवाज हाय त्यो."

म्हणाले ना मी असं? तुझा गाल लाल झालेला मला दिसत होता, तरी म्हणाले. पुढे मलाच ते खरं वाटायला लागलं. सत्तावीस वर्षं मी कुणी विचारलं तर सांगत आले, अंकितावर मी कधी हात उगारला नाही.

मी तुला मारलं, अंकिता. आवाज माझ्या हाताचा होता.

उद्या मंगळवार. उदयसिंह येणार. मला भीती वाटते. त्याची नाही, माझी वाटते. तो गोड बोलला आणि माझ्या तोंडून जुनं काहीतरी निघून गेलं तर? ती वाक्यं मला सगळी पाठ आहेत.

आई


सोलापूर
बुधवार, १२ फेब्रुवारी

अंकिता,

काल काय झालं ते तुला उदयसिंहाने त्याच्या पद्धतीने सांगितलंच असेल. आता माझ्याकडून ऐक.

तो एक वाजता आला. बरोबर पेढे. माझ्या पाया पडला. मी त्याला पायरीवरच बसवलं, आत घेतलं नाही. सकाळीच अपेक्षाला सांगून ठेवलं होतं की मी बोलत असताना माझे दोन्ही हात धरून बस, सोडू नकोस. ती माझ्या शेजारी उंबऱ्यावर बसली, माझे हात मांडीत घेऊन.

तो म्हणाला, चूक दोन्हीकडून असते. तो म्हणाला, संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतं. एकेक वाक्य मला पुढचं येत होतं, अगदी पिक्चरसारखं. मी जीभ चावून बसले. मग तो अपेक्षाकडे वळला, "चल, ऊठ. आज्जीनं समजावलंय न्हवं?" आणि तिचा दुखरा दंड धरायला त्याने हात पुढे केला.

तेव्हा दीड वाजला असावा.

अंकिता, माझे दोन्ही हात अपेक्षाच्या मांडीत होते. तिचे माझ्या हातांवर. आणि घरामागून आवाज आला. एका हाताचा नाही. मोकळ्या जागेतून, एकदम, पुष्कळ हातांचा.

अपेक्षाने ऐकला, तिची नखं माझ्या मनगटात रुतली, अजून खुणा आहेत. पण ते सोड. त्यानेही ऐकला. पुढे केलेला हात तसाच राहिला आणि मान वळवून तो घराच्या कोपऱ्याकडे बघत राहिला. "काय वाजलं त्ये?" म्हणाला. आवाजातला गोडवा गेला होता.

मी म्हटलं, "बाया हायत तितं."

"कुटं? मी तर तितनंच गाडी लावून आलो. कुत्रं बी न्हाय तितं."

"तितंच हायत," मी म्हटलं. "आन् माजी नात येत न्हाय. तिच्या पाठीवरच्या माराचा कागद आज दवाखान्यात व्हनार हाय. तू जा आता."

तो उठला. रागाने काहीबाही बोलला, पण जीपपर्यंत जाताना त्याने मोकळ्या जागेकडची बाजू सोडून लांबचा वळसा घेतला. पेढे पायरीवर राहिले, मी ते कुणाला दिले नाहीत. सकाळी निरोप धाडला होता, तशी चारला मनाली आली आणि अपेक्षाला दवाखान्यात घेऊन गेली. खांद्याचं हाड सरकलेलं आहे. कागद झाला. आज पोलिसात जायचं आहे, मनाली बरोबर आहे.

तो आवाज कसला, मला विचारू नकोस. मला सांगता येणार नाही. मी मागे जाऊन बघितलं नाही, आणि बघणारही नाही.

काल संध्याकाळी तुझा फोन आला. अपेक्षाने मोबाईल माझ्या कानाला लावला. तू म्हणालीस, "पाठवली का?" मी म्हटलं, "न्हाय. हितंच हाय ती. हितंच ऱ्हानार." मला वाटलं आता मला बोलशील. बोलली असतीस तर बरं झालं असतं. मग तू विचारलंस, "मग मला का पाठवलंस?" इतक्या हळू विचारलंस की आधी मला वाटलं अपेक्षाच बोलली. आणि तू फोन ठेवलास.

सकाळपासून त्याचं उत्तर लिहायला बसले आहे. आधी एक कागद भरला, त्यात तुझे बाबा होते. तो फाडला. तुझ्या बाबांनी पाठव म्हटलं, हे मी तुला गुरुवारी लिहिलं ते खोटं होतं. ते म्हणाले होते, "ऱ्हाऊ दे दोन म्हैनं, बगू." नाही म्हणाले ती मी. रोज दुसऱ्याच्या लेकी परत धाडणारीची लेक घरात बसली तर उद्या दारावर तोंड कसं दाखवू, हे मी त्यांना विचारलं होतं. मग दुसऱ्या कागदावर लिहिलं की जागा नव्हती, दोनच खोल्या. लिहून वर बघितलं तर त्याच दोन खोल्यांत तुझी पोर हातपाय पसरून झोपली होती. पुढे लिहायला घेतलं की काळच तसा होता. पण नागूबाई त्याच काळात, त्याच थेटरात माझ्याबरोबर कामाला होती.

तेव्हा उत्तर एवढंच आहे, आणि ते वाचून तू मला पुन्हा कधी फोन केला नाहीस तरी मी काही म्हणणार नाही.

तुला ठेवता आलं असतं, अंकिता.

आई